पाणी आलं तर?

नदीकाठच्या स्वस्त झोपड्यांबद्दल कुणी विचारलं की मी आधी संडासचं सांगते, व्ह्यू नि सनसेट नि झोका ते सगळं नंतर. कारण तीनशे-चारशे रुपयांच्या झोपडीत राहायचं म्हणजे रात्री दोनला उठायचं, मोबाईलची टॉर्च लावायची, ओल्या स्लीपर चाचपडत शोधायच्या आणि वीस-पंचवीस पावलांवरच्या पत्र्याच्या दारापर्यंत चालत जायचं, दाराची कडी अर्धवटच लागणार आणि बादलीमागं एक बेडूक ठरलेला. हे ज्याला चालतंय त्यानं झोपडी घ्यावी. ज्याला चालत नाही त्यानं हंपीला गेलं तर सरळ शेजारच्या होस्पेटला लॉज घ्यावा, तिथं एसी असतो, टीव्ही असतो, सकाळी गरम पाणी असतं, त्यात काही कमीपणा नाही. माझी सख्खी बहीण तेच करते आणि मजेत असते.

मी सोलापूरची. जुळे सोलापुरात आमचं स्लॅबचं घर आहे, खाली हौद, वर टाकी, मोरीत दोन निळे ड्रम. मला नदीकाठी जाऊन झोपायचं वेड कुठनं लागलं असं आई नेहमी विचारते, आणि मला वाटतं त्याचं उत्तर त्या ड्रममध्येच आहे. आमच्याकडं नळाला पाणी चार-पाच दिवसाआड येतं. येतं कुठनं तर शंभरावर किलोमीटर लांबच्या उजनीतनं पाईपने, आणि थोडं भीमेतनं, म्हणजे धरणातनं नदीत सोडायचं, ते वाहत वाहत औजच्या बंधाऱ्यात येऊन थांबायचं, मग टाकळीला उपसायचं. उन्हाळ्यात पेपर उघडला की आधी उजनी प्लसमध्ये आहे का मायनसमध्ये, म्हणजे वापरायच्या साठ्याच्या खाली, गेली ते बघायचं, हे इथल्या शाळेतल्या पोराला पण कळतं. अशा गावातली बाई पहिल्यांदा रात्रभर वाहत्या पाण्याच्या आवाजात झोपते तेव्हा तिला शांत बिंत काही वाटत नाही ओ, तिला वाटतं कुणाचा तरी नळ चालू राहिलाय, उठून बंद करावा.

तर पहिली झोपडी हंपीची. पुण्या-मुंबईचे लोक हंपीला जायचं म्हणजे सुट्ट्या टाकतात, प्लॅन करतात, आम्हाला ते तीनशेएक किलोमीटर, शुक्रवारी रात्री कर्नाटकाच्या एसटीत बसलं की सकाळी होस्पेट. वडकबाळला सीना लागते, टाकळीच्या पुढं भीमा, भीमा ओलांडली की कर्नाटक, मग विजापूर (आता विजयपुरा झालंय, पण आमच्या तोंडात विजापूरच), आलमट्टीजवळ कृष्णा, मग इलकल, जिथली लुगडी आमच्या आज्या नेसायच्या, मग कुष्टगी, आणि मग तुंगभद्रा. सीना हत्तरसंग कुडलला भीमेत मिळते, भीमा पुढं रायचूरकडं कृष्णेत, आणि तुंगभद्रा पण शेवटी कृष्णेतच. म्हणजे एका रात्रीच्या प्रवासात सगळ्या एकाच घरच्या नद्या भेटतात. आणि सोलापूरकराला अजून एक फायदा, कानडी कानावर पडलेली असते. माझी कानडी म्हणजे गल्लीतल्या शेजारणींकडनं उचललेली, व्याकरणाचा पत्ता नाही, पण 'ऊटा आयता' म्हणजे जेवलात का एवढं विचारता आलं की झोपडीवाल्या घरातली म्हातारी तुम्हाला टुरिस्ट समजायचं सोडून देते आणि चहाचे पैसे पण विसरते कधीकधी.

तेव्हा सगळे बॅकपॅकर विरुपापूर गड्डीला राहायचे. विरुपाक्षाच्या देवळापासून खाली नदीला उतरायचं, मोटरबोटीने पलीकडं जायचं, पलीकडं तुंगभद्रेच्या दोन फाट्यांच्या मधे हे बेट, भाताची हिरवीगार खाचरं आणि मागं ते प्रसिद्ध दगड, ग्रॅनाइटचे, घराएवढे, एकावर एक. नदीच्या कडेने एका ओळीत झोपड्या. शेवटची बोट संध्याकाळी लवकरच सुटायची, ती चुकली की मग टोपल्यासारख्या गोल होडीवाल्याची मर्जी, त्याला तिकडं हरिगोल म्हणतात, नाहीतर रस्त्याने लांबचा वळसा. त्यामुळं बेटावर एक आपोआप शिस्त होती, अंधार पडायच्या आत सगळे घरी.

झोपडी म्हणजे काय होती, तर चार मातीने लिंपलेल्या भिंती, काही ठिकाणी नुसत्याच बांबूच्या चटया, वर गवताचं छप्पर, आत सिमेंटचा ओटा आणि त्यावर गादी, गादीवर मच्छरदाणी, मच्छरदाणीला भोकं आणि भोकांना आधीच्या गिऱ्हाइकांनी मारलेल्या गाठी. एक बल्ब. एक प्लगपॉइंट, तो पण सैल, त्यात चार्जर अडकवायचा तर खाली पुस्तक लावून वर ढकलून ठेवायला लागायचा. बाहेर हातभर ओसरी आणि ओसरीला झोका. बस्स. आणि ह्या सगळ्याच्या समोर नदी, ज्याचे वेगळे पैसे नाहीत.

लोकांना वाटतं मी सोलापूरची म्हणजे बॅगेत चादर असणारच. नसते. सोलापुरी चादर घरात लई भारी, पाहुण्यांना घालायला भारी, पण पाठीवर घेऊन चालायला जड, आणि नदीकाठच्या दमट हवेत भिजली की वाळता वाळत नाही. मी आजीचं जुनं इरकल नेते, धुऊन धुऊन मऊ झालेलं, ते पांघरायला होतं, अंथरायला होतं, भोकाच्या मच्छरदाणीवरनं टाकायला होतं, आंघोळीला आडोसा म्हणून पण होतं. दोरी, स्वतःचं कुलूप, मेणबत्ती, आणि कडक भाकरी नि शेंगाचटणी. कडक भाकरी ही ट्रेकिंगवाल्यांना कुणी सांगितलेली नाही अजून, नाहीतर त्यांनी तिला पॅकेट करून दोनशेला विकली असती. आठवडाभर काही होत नाही तिला, दह्यात मोडून खा, दूध-गुळात खा, नुसती कुरकुर खा. माझ्या शेजारच्या झोपडीत एक इस्रायली पोरगी होती, मिलिटरी सर्व्हिस संपवून आलेली, तिथं तशी बरीच यायची, तिला चटणीबरोबर दिली, तिच्या डोळ्यांतनं पाणी आलं आणि तिनं अजून मागितली.

आता बायकांच्या कामाचं. मी एकटी फिरते, आणि आईचा प्रत्येक वेळी एकच प्रश्न असतो, दाराला आतनं कडी आहे का. हा प्रश्न मला आधी जुनाट वाटायचा, आता मी तोच प्रश्न घेऊन झोपड्या बघते. कडी हलवून बघायची, दार खालनं उचललं तर निघतंय का बघायचं, स्वतःचं कुलूप आतनं बसतंय का बघायचं. नदीच्या अगदी टोकाची, 'बेस्ट व्ह्यू'वाली झोपडी घ्यायची नाही, ज्या घराची आहे त्यांच्या चुलीच्या जवळची घ्यायची, तिचा व्ह्यू बहुतेक गोठ्याचा असतो आणि पहाटे चारला भांडी आपटल्याचा आवाज येतो, पण घरातली बाई तुम्ही आत आहात का बाहेर आहात हे न विचारता जाणून असते. जिथं मालक एकटाच आणि पोरं कामाला ठेवलेली, तिथं मी स्वस्त असलं तरी थांबत नाही. आणि संडास दिवसा नाही, अंधार पडल्यावर एकदा जाऊन बघायचा, तिथपर्यंत लाईट आहे का. ह्यात भित्रेपणा काही नाही.

पावसाळ्यात मी एकदाच गेले. वर होस्पेटला तुंगभद्रेचं धरण आहे, ५० च्या दशकातलं, त्याला ३३ दारं, आणि ती उघडायला लागली की खाली हंपीत पाणी चढतं. बोटी बंद. नदीतला पुरंदरदासांचा मंडप हळूहळू पाण्यात जातो, आधी पायऱ्या, मग खांब. आमच्या झोपडीवाल्या घरातली म्हातारी नदीकडं बघतच नव्हती, ती मंडपाकडं बघायची, खांब कुठवर बुडाला त्यावरनं तिला कळायचं गाद्या कधी उचलायच्या. आणि तिनं उचलल्याच. दुपारी पोराला हाक मारली, सगळ्या झोपड्यांतल्या गाद्या, मच्छरदाण्या, बल्बसुद्धा काढून वरच्या घरात नेले, आम्हाला पण वर घेतलं, ओसरीत ओळीने झोपलो. पाणी त्या रात्री आलं नाही तिथपर्यंत. सकाळी गाद्या परत खाली. भाडं घेतलं नाही तिनं त्या रात्रीचं, म्हणाली, झोपडीत कुठं झोपलात.

पुढं ऑगस्ट २०१९ ला पाणी आलंच, बेटाचा रस्ता तुटला, शेकडो पर्यटक अडकले आणि त्यांना बोटी नि हेलिकॉप्टरने काढायला लागलं. मी ते घरी टीव्हीवर बघितलं. आणि त्यानंतर काही महिन्यांतच, फेब्रुवारी २०२० मध्ये, सुप्रीम कोर्टाचा निकाल आला, हंपीच्या वारसा क्षेत्रात हे सगळं बेकायदेशीर आहे म्हणून, आणि मार्चमध्ये बुलडोझर लागले. विरुपापूर गड्डीची झोपड्यांची ओळ संपली.

ह्याबद्दल मला दोन्ही बाजूंनी राग येतो. तोडलं हे चूक म्हणायला माझी जीभ रेटत नाही, कारण शेवटी शेवटी त्या झोपड्या झोपड्या राहिल्याच नव्हत्या. कॉलम उभे राहिलेले, वर दुसरा मजला, त्यावर पत्रा, त्यावर टाकी, अटॅच बाथरूम, आणि अटॅच बाथरूम म्हणजे सेप्टिक टँक, आणि सेप्टिक टँक कुठं तर नदीपासून दहा-पंधरा फुटांवर. रात्री स्पीकर. भाताच्या खाचरात भराव. हंपी १९८६ पासून जागतिक वारसा यादीत आहे, मधे १९९९ ला तर नदीवरच्या पुलांच्या भानगडीत 'धोक्यातला वारसा' म्हणून नाव गेलेलं, ते २००६ ला निघालं, मग ह्यांनी त्याच काठावर स्लॅब टाकावा आणि सरकारने बघत बसावं असं कसं. पण ज्या म्हातारीच्या झोपड्या गवताच्याच होत्या, जिला गाद्या कधी उचलायच्या ते कळत होतं, तिची पण ओळ त्याच बुलडोझरखाली गेली, कागदावर ती आणि तीन मजलेवाला एकच. आता लोक आनेगुंदी, सणापूरकडं राहतात, तिकडं पण झोपड्या आहेत, मी राहिलेय, छान आहेत. तिकडं पण कॉलम दिसायला लागलेत.

माजुलीला मी ह्याच्या नंतर गेले आणि मला वाटतं गड्डीचं डोक्यात असल्यामुळंच तिथं मी वेगळं बघितलं. माजुली म्हणजे आसाममध्ये ब्रह्मपुत्रेच्या मधलं बेट, मोठं, २०१६ पासून स्वतंत्र जिल्हा आहे ते. जोरहाटजवळ निमाती घाट म्हणून आहे तिथनं फेरीबोटीत बसायचं, बोटीत खाली माणसं, वर मोटारसायकली नि कधी आख्खी कार, आणि तासाभराने कमलाबारी. तिथं मिशिंग लोकांची घरं असतात त्यांना चांग घर म्हणतात, बांबूच्या खांबांवर जमिनीपासून पाच-सहा फूट वर उचललेली. त्याच पद्धतीच्या दोन खोल्या एका घराने पाहुण्यांसाठी बांधलेल्या, त्यातली एक मला मिळाली. वर चढायला एकाच ओंडक्याला खाचा पाडलेली शिडी, माझ्यासारखीला बॅग घेऊन चढणं म्हणजे घरातल्या पोरांना फुकटचा सिनेमा. जमीन फोडलेल्या बांबूची, चालताना करकरते, फटीतनं खालची डुकरं नि कोंबड्या दिसतात, आणि खालनं गार वारा येतो. एकही खिळा नाही असं मी म्हणणार नाही, होते थोडे, पण बहुतेक सगळं वेताने बांधलेलं.

मी घरमालकाला विचारलं, पाणी आलं तर? सोलापूरच्या माणसाच्या तोंडी 'पाणी आलं' हे खरं तर आनंदाचं वाक्य, पण असो. तो हसून म्हणाला, आएगा ना, हर साल आता है. मग त्यानं एका खांबावरची मातीची रेघ दाखवली, मागच्या पुराची. नवीन घर बांधताना म्हणे त्या रेघेच्या वर किती हात घ्यायचं ते ठरवतात. आणि नदीने काठच कापायला घेतला तर? तर घर सोडवायचं, बांबू, वेत, चटया सगळं, आणि मागं नेऊन परत बांधायचं. त्याच्या वडलांनी बांधलेलं, त्यानं बांधलेलं, जागा वेगवेगळ्या. ज्या जागेवर तो लहानाचा मोठा झाला ती आता नदीत आहे, त्यानं हाताने दाखवलं कुठं, तिथं आता बोटी चालतात. १९५० च्या आसामच्या मोठ्या भूकंपानंतर ब्रह्मपुत्रेचं पात्र गाळाने वर आलं आणि तेव्हापासून ती काठ जास्तच खाते, माजुली आक्रसत चाललंय. हे सगळं तो मला डाळीला फोडणी कशी द्यायची हे सांगावं तसं सांगत होता, आणि मी मात्र मनात हिशेब करत होते की आमच्या जुळे सोलापुरातल्या घराचे हप्ते अजून किती राहिलेत.

तिथं अजून एक झालं. सकाळी झोपेत कानावर माग आला. खट खट, खट खट. मला वाटलं मी घरीच आहे, कारण माझं आजोळचं शेजारपाजार सोलापूरच्या पूर्व भागातलं, तिथं मागाच्या आवाजावर पोरं झोपतात आणि माग बंद पडला की जागी होतात. उतरून बघितलं तर घरातली सून चांगाखाली, माझ्या खोलीच्या बरोबर खाली, हातमागावर बसलेली. सावली असते, वारा असतो, कोरडं असतं, म्हणून माग खालीच लावतात, पुराच्या दिवसांत काढून वर घेतात. मी तिला मोबाईलवर आमच्याकडच्या जकार्डच्या चादरीचे फोटो दाखवले, तिनं झूम करून काठ बघितला, मग मला तिचं विणकाम दाखवलं, आणि मग आम्हा दोघींना एकमेकींची भाषा येत नसताना पाऊणएक तास गेला. नंतर मला कळलं की त्या झोपडीचं भाडं साडेतीनशे का परवडतं. तिला पाया नाही. कर्ज नाही. तुटली तर आठवड्याभरात गावातली चार माणसं उभी करतात, बांबू परसातला. स्वस्त झोपडी स्वस्त असते कारण ती जाणार हे धरूनच बांधलेली असते, तिच्यात कुणी आयुष्याची कमाई ओतलेली नसते. कमाई ओतली की मग ती वसूल करायला लागते, मग एसी लागतो, मग अटॅच लागतो, मग काठ सोडून मागं सरकता येत नाही.

आता कुणीतरी म्हणेल, बाई, तुला झोपडीचं कौतुक कारण तुला सोमवारी परत स्लॅबखाली जायचंय. बरोबर आहे. दिवाळी झाली की आमच्या जिल्ह्यात कारखान्यांचे बॉयलर पेटतात आणि बीडकडनं, धाराशिवकडनं ऊसतोडीच्या टोळ्या येतात, आणि मग भीमेच्या, सीनेच्या काठाने, कॅनॉलच्या कडेने त्यांच्या कोप्या उभ्या राहतात. बांबूच्या कमानी, वर चटई, वर पाचट नाहीतर प्लॅस्टिकचा कागद. वाकून आत जायचं. संडासचा प्रश्नच नाही कारण संडासच नाही, बायका पहाटे तीन-चारला उठतात ते त्यासाठी पण आणि कोयता घेऊन फडात जायला पण. दाराला कडी नाही कारण दार नाही. मार्च-एप्रिलपर्यंत तिथंच स्वयंपाक, तिथंच आजारपण, तिथंच पोरांचा अभ्यास झाला तर. माझी झोपडी आणि ती कोपी मालमसाल्याने जवळपास एकच, फरक एवढाच की मी माझी निवडलेली असते आणि कंटाळा आला की बॅग उचलते. त्यामुळं 'साधं जगण्यातला आनंद' वगैरे लिहिणाऱ्यांच्या पोस्ट मला वाचवत नाहीत. साधं जगणं बिनाकडीचं असतं. मला आनंद होतो तो नदीशेजारी झोपण्याचा, साधेपणाचा नाही.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण म्हणजे आमचा मामेभाऊ. मामांची शेती दक्षिण सोलापूर तालुक्यात, भीमेला लागून, आणि ह्या पोराने ठरवलंय की नदीकडच्या सव्वा एकरात 'रिव्हरसाइड कॉटेज' काढायची. कृषी पर्यटनाचं धोरण आलंय २०२० पासून, कुठंतरी त्याचा सेमिनार करून आलाय. कॉन्ट्रॅक्टरकडनं एस्टिमेट आणलं, सहा खोल्या, आरसीसी, नदीकडं फुल काच, एसी, आणि एक स्विमिंग पूल. नदीच्या काठावर पूल! मला म्हणाला, अक्का, तू लई फिरलीस, तू सांग काय कमी आहे ह्यात. मी म्हणलं कमी काही नाही, जास्तच आहे.

मग एका रविवारी गेले. मामा, तो आणि मी नदीकडं उतरलो. उन्हाळ्यात आमची भीमा म्हणजे डबकी डबकी नि मधे वाळू उपसलेले खड्डे, पण औजसाठी पाणी सोडलेलं होतं त्यामुळं त्या दिवशी बरी दिसत होती, पलीकडं कर्नाटक. जागा खरंच सुंदर आहे, चिंचेचं झाड आहे, करंज आहेत, पाणकावळे बसतात. मी त्याला पूररेषेचं विचारलं. ते त्याच्या सेमिनारमध्ये नव्हतं. जलसंपदावाले नदीला दोन रेषा मारतात, निळी म्हणजे २५ वर्षांतनं एकदा येईल एवढ्या पुराची आणि लाल म्हणजे १०० वर्षांतनं एकदा येईल त्याची, निळीच्या आत बांधकामाला बंदी, निळी ते लाल मधे अटी घालून काहीतरी. त्यानं सव्वा एकर निवडला तो मला डोळ्यांनीच निळीच्या आतला दिसत होता. कारण मामांनी काही न बोलता एका बाभळीकडं बोट केलं, त्यावर माझ्या डोक्याच्या वर कोयत्याची खूण, ऑक्टोबर २०२० ची. पोरगं म्हणालं, तसा पूर काय रोज येतोय का. मी म्हणलं, सप्टेंबर २०२५ ला सीनेला काय झालं, माढ्यापासून आपल्या तालुक्यापर्यंत गावं पाण्यात गेली, ज्या म्हाताऱ्यांनी सीनेला एवढं पाणी जन्मात बघितलं नव्हतं त्यांच्या पण घरात शिरलं, ते काय रोज येत होतं.

मामांनी मग शांतपणे जे विचारलं ते मला माजुलीच्या माणसानंतर पहिल्यांदा कुणाकडनं तरी ऐकायला मिळालं. म्हणाले, उजनीतनं पाणी सोडलं की निरोप येतोय, नदीकाठच्यांनी मोटारी काढून घ्या म्हणून, आपण मोटार काढतो, पायपा सोडवतो, केबल गुंडाळतो, वर आणून ठेवतो, व्हय का न्हाई? तुझी खोली गुंडाळता येत्या का?

पोरगं गप्प बसलं नाही, आजकालची पोरं बसत नाहीत आणि बसू पण नये. ते म्हणालं, मग चटईच्या झोपडीत कोण येणार, सोलापूरच्या माणसाला चाळीस-बेचाळीस डिग्रीत एसी पाहिजे, पाचशे रुपये देऊन तो कोपीत झोपणार होय? ह्याला माझ्याकडं पक्कं उत्तर नव्हतं. उन्हाळ्यात नाहीच येणार, मी म्हणलं, उन्हाळ्यात बंद ठेव. नोव्हेंबर ते फेब्रुवारी चालव, हुरड्याच्या सीझनला तशीच माणसं शेतावर यायला बघतात, कुडलचा संगम बघायला येतात, तिथलं हजार वर्षांपूर्वीचं देऊळ, शके ९४० चा मराठी शिलालेख, एवढं मोठं घेऊन आपण बसलोय आणि तिथं एक रात्र राहायची सोय नाही कुणाची. खाली नदीकडं बांबूच्या दोन झोपड्या, आख्ख्या सोडवता येणाऱ्या. स्वयंपाकघर, संडास-बाथरूम आणि जे काय सिमेंटचं करायचंय ते वर, रस्त्याच्या अंगाला, लाल रेषेच्या पलीकडं. पावसाळ्यात खालचं सगळं सोडवून गोठ्याच्या माळ्यावर.

बरीच बाचाबाची झाली. कॉन्ट्रॅक्टरचं एस्टिमेट अजून त्याच्या गाडीच्या डॅशबोर्डवर आहे, फाडलेलं नाही, पण पाटबंधारेच्या ऑफिसात रेषेची माहिती मागायचा अर्ज दिलाय त्यानं, आणि बांबूचा भाव काढलाय. स्विमिंग पूल गेला. काचेवर अजून अडलंय, मी म्हणते चटईची खिडकी वर उचलून काठी लावायची, तो म्हणतो फोटोत काय दिसणार. दाराला आतनं चांगली कडी, ही अट मी आईच्या वतीने लेखी घालून घेतलीय.

मामी इतका वेळ ज्वारी पाखडत ऐकत होती, ती शेवटी म्हणाली, ते रेषा बिषा तुमचं तुम्ही बघा, पण गिऱ्हाइकांच्या भाकरी मी थापणार नाही, आत्ताच सांगून ठेवते, त्याला बाई ठेवायची आणि तिचा पगार आधी धरायचा. पोराने एस्टिमेटच्या मागच्या कोऱ्या बाजूला ते पण लिहून घेतलं.